वाफबाई कशासाठी रडली

"हात भाजला होता."

"खोटं."

"बरं, खोटं. मग आता काय, तुझी खात्री पटावी म्हणून पुन्हा भाजून दाखवू?"

"हात भाजल्यावर माणूस ओरडतं, आई. फुंकर घालतं, नळाखाली हात धरतं. तू ढिम्म बसली होतीस. नुसते डोळे गळत होते. मी बघितलंय ते. पुन्हा पुन्हा बघितलंय."

"मग अजून एकदा बघ. मांडीवर मूठ आवळलेली दिसेल."

"पडदाभर चेहराच दाखवलाय तुझा. मांडी कुठे दिसतेय त्यात?"

"तो दोष कॅमेऱ्याचा. माझ्याकडे कशाला घेऊन आलीस?"

लेक दाराशीच उभी होती. हातातली बॅग तिनं अजून खाली ठेवली नव्हती, कारण ठेव असं कुणी म्हटलं नव्हतं. सभागृहाच्या मागची ती कपडेपटाची खोली. एक टेबल, त्यावर घोंगडीची जाड घडी, एक इस्त्री, भिंतीशी दांडीला लटकलेले दुसऱ्यांचे कोट. आणि सगळीकडे गरम कापडाचा वास. लहानपणी शाळेतून घरी आल्यावर आईच्या अंगाला यायचा, तोच.

"खरं सांग," लेकीनं आवाज खाली आणला. "त्या दिवशी तू कशासाठी रडत होतीस? एकदाच सांग. मी तेवढ्यासाठीच आलेय."

"एकदा सांगून झालं. हात—"

"आई!"

"ओरडू नकोस. या भिंतीपलीकडे स्टेज आहे, इथे शिंकलं तरी तिथे ऐकू जातं. आणि आलीस कुणाच्या सांगण्यावरून? मी तर आमंत्रण धाडलं नव्हतं."

"तुझ्या मॅनेजरनं बोलावलं."

इस्त्री शर्टाच्या पाठीवर मध्येच थांबली. कापडावर थांबलेली इस्त्री म्हणजे डाग, हे आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेलं वाक्य तिला वेळेवर आठवलं, म्हणून शर्ट वाचला.

"त्यानं? तुला? तो तुला ओळखतो कुठे?"

"तू रडलीस त्या भाषणाच्या व्हिडिओखाली लोक काय काय लिहितात. मीपण लिहिलं होतं. ही माझी आई आहे, आम्ही बोलत नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी यांच्या ऑफिसातून फोन. आज त्याच डॉक्टरांचं पुढचं भाषण आहे, तुम्ही याच, आईंनाही फार वाटतंय. असं म्हणाला तो."

"आईंना फार वाटतंय!" वाफबाई हसली. इस्त्रीतून वाफ सुटावी तसं, नाकातून. "मला काय वाटतंय ते त्याला कळलं, आणि मलाच कुणी सांगितलं नाही बघ."

वाफबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. सभागृहातल्या लोकांनी पाडलेलं. हातात वाफेची इस्त्री, तोंडातही तेवढीच वाफ, म्हणून वाफबाई. आधी तिला त्याचा राग यायचा. मग सवय झाली. पुढे पुढे तर खरं नाव घेऊन कुणी हाक मारली की तीच इकडेतिकडे बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून.

हे सभागृह नाटकाचं नव्हतं, गाण्याचंही नव्हतं. इथे विचारांचं दुकान होतं. शास्त्रज्ञ यायचे, तत्त्वज्ञ यायचे, डोंगर चढलेले, समुद्रात बुडून वर आलेले, माकडांत राहिलेले, तुरुंगात शहाणे झालेले यायचे. गोल गालिच्यावर उभं राहून, गालाशी किंवा कॉलरला माइक लावून, जगायचं कसं आणि माणूस मुळात असतो कसा, ते अर्ध्या तासाच्या आत सांगायचे. कॅमेरे ते टिपायचे आणि मग सगळं जग ते घरबसल्या पाहायचं. तुटलेली लग्नं सांधली गेली, मरायला निघालेली माणसं जिन्यावरून परत फिरली, अशी पत्रं ऑफिसात यायची म्हणे.

आणि या सगळ्या थोरामोठ्यांना वाफबाईनं बनियनवर पाहिलं होतं. स्टेजवर जाण्याआधी शर्ट उतरवून तिच्या हातात द्यायचा, आणि ती इस्त्री फिरवेपर्यंत त्या खोलीत येरझाऱ्या घालत भाषण घोकायचं, हा तिथला शिरस्ता. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या बनियनला भोक, कुणाच्या पाठीवर केसांचं रान. "भीती ही फक्त एक कल्पना आहे" असं घोकणारा एकजण तिच्याकडे बादली मागून त्यात ओकला होता. तिनं बादली दिली, तोंड पुसायला फडकं दिलं, वर म्हणाली, "होतं असं. कल्पना जरा आंबट असते." तो बाहेर जाऊन इतका सुंदर बोलला, की टाळ्या थांबेनात.

पण टिंगल तोंडापुरती. खरी गोष्ट अशी की वाफबाईला ही भाषणं वेड लावायची. शर्ट देऊन झाला की ती विंगेत पडद्याला टेकून उभी राहायची आणि लहान मूल सर्कस बघतं तशी ऐकायची. घरी गेल्यावर नवऱ्याला ऐकवायची. नवरा टेलर. मास्तर म्हणायचे सगळे त्याला. एकेकाळी त्याच्या दुकानात ती इस्त्री करायची. मग त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, दुकान गेलं, आणि दुकानातली इस्त्री बगलेत मारून ती इथे कामाला लागली. मास्तर पलंगावर पडल्या पडल्या ऐकायचा आणि अर्ध्या तोंडानं म्हणायचा, "तुझ्या त्या विचारवंतांना विचार, आडवा पडलेला माणूस कुठल्या बाजूनं जगायचा असतो."

असं होतं बघा घर. पलंगावर बाप, इस्त्रीवर आई, आणि मध्ये लेक. लेक सकाळी बापाला पुसायची, भरवायची, दुपारनंतर आई आली की शिकायला जायची. पाळी दोघींची. एकीनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकल्याशिवाय दुसरीनं बाहेर टाकायचं नाही.

ज्या दिवशी हे बिनसलं, त्या दिवशी लेकीची नोकरीची मुलाखत होती. आईनं लवकर यायचं कबूल केलं होतं. सभागृहात त्या दिवशी ताऱ्यांच्या बाई आल्या होत्या. पांढरे केस, काठीसारखा ताठ कणा, आणि आयुष्य सगळं दुर्बिणीला डोळा लावण्यात गेलेलं. त्यांच्या ब्लाउजच्या बाह्यांवर वाफ फिरवून वाफबाई मोकळी झाली. पिशवी खांद्याला अडकवली, चपला घातल्या, मॅनेजरला "येते" म्हणाली. दार तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

आणि स्टेजवर ताऱ्यांच्या बाई म्हणाल्या, "आज तुमच्या हातावर जो धुळीचा कण आहे ना, तो एका मेलेल्या ताऱ्याचा आहे."

वाफबाईनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. म्हणाली, एवढं ऐकून निघू. मग म्हणाली, हे एक वाक्य. मग काहीच म्हणाली नाही. विंगेच्या कडेला, पिशवी खांद्याला लटकलेली, तोंड उघडं, अशी ती टाळ्या संपेपर्यंत उभी होती.

लेकीनं वाट पाहिली. घड्याळाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "जा," बाप म्हणाला, "येईलच ती एवढ्यात, मी काय पळून जातोय?" लेकीनं बाहेरून कुलूप घातलं आणि गेली.

मास्तर पळून गेला नाही. पाणी घ्यायला म्हणून डाव्या कोपरावर उठला आणि पलंग न् भिंत यांच्या फटीत डोक्यावर पडला. वाफबाई घरी पोहोचली तेव्हा तो अजून कोमट होता. कोमट म्हणजे काय हे इस्त्रीवालीच्या हाताला सांगावं लागत नाही.

संध्याकाळी लेक धावत आली. नोकरी मिळाली होती. दारातूनच ओरडत आली. आईनं एकच वाक्य ऐकवलं.

"तुझ्या नोकरीपायी मेला तो."

"तू येणार होतीस ना लवकर!"

"ताऱ्यांच्या बाईंचं रेकॉर्डिंग लांबलं. सोडलं नाही मला. मी चाकरीला बांधलेली होते, तू कशाला बांधलेली होतीस?"

कुलूप लेकीच्याच हातानं लागलेलं होतं. बापाला पोहोचवून झाल्यावर ती नोकरीच्या गावी गेली ती गेलीच. आईनं हाक मारली नाही. उलट, शेजारपाजारच्यांनी लेकीची चौकशी केली की ती म्हणायची, "आहे कुठेतरी. कुलूप लावून गेलीय." ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा, आणि तो यावा म्हणूनच ती तसं म्हणायची.

आणि विंगेत उभी होते हे? ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. रात्री कूस बदलताना स्वतःलासुद्धा ती "सोडलं नाही मला" असंच सांगायची. गोष्ट रोज सांगितली की तिची घडी बसते, कापडासारखी. मग उलगडायला जीव होत नाही.

आता त्या रडण्याचं. तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट लंगडी राहील.

मेंदूवाले डॉक्टर क्षमेवर बोलायला आले होते. माणूस गोड. रागानं मेंदूत काय पेटतं आणि माफ केल्यावर काय विझतं, यावर त्यांचं सगळं संशोधन. त्यांचा शर्ट तिनं आधीच करून दिला होता, पण अगदी आत जायच्या क्षणी मॅनेजर किंचाळत आला, "वाफबाई, कफ! डावा कफ चुरगाळलाय!" शर्ट अंगात, माइक कॉलरला, कॅमेरे तयार. अशा वेळी अंगावरच्या अंगावर कफ सरळ करायची तिची एक पद्धत होती. आपला डावा हात कफाच्या आत सरकवायचा, तळहात वर करून, आणि हाताचीच फळी करायची. तळहातावर टॉवेलची जाड घडी, तिच्यावर कफ, कफावर इस्त्री. घालणाऱ्याला चटका नाही, आपल्यालाही नाही.

त्या दिवशी टॉवेलची घडी मेकअपवाल्यानं डॉक्टरांचा घाम टिपायला उचलून नेली होती. शोधायला वेळ नव्हता. ती म्हणाली, हलकेच फिरवू. आणि सवयीनं, जसा रोज दाबायची तसाच, अंगठ्यानं वाफेचा खटका दाबला.

सगळी वाफ तळहातात शिरली. वरून इस्त्रीचा तवा.

ती ओरडली नाही, कारण आवाजवाला नुकताच बोटानं खूण करून गेला होता, माइक चालू आहे. तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तो माइक होता. तिची किंकाळी थेट सभागृहात गेली असती. तिनं ती गिळली. कफ पूर्ण केला. डॉक्टर डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पहिलं वाक्य घोकत होते, ते तसेच बाहेर गेले. कफ झकास झाला होता.

ती नळाकडे वळली तर मॅनेजरनं दंड धरला. कुणी बडे पाहुणे यायचे होते ते आले नव्हते आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. "पहिल्या रांगेचा दात पडलेला चालत नाही, वाफबाई. बसा. हलू नका."

बसली. हलली नाही. गालिच्यावर डॉक्टर म्हणत होते, "ज्याला आपण माफ केलेलं नसतं, त्याला आपण निखाऱ्यासारखं मुठीत धरून बसलेलो असतो." आणि पहिल्या रांगेत वाफबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कॅमेरेवाल्याला घबाड मिळालं. तो तिच्या चेहऱ्यावर असा ठाण मांडून बसला की डॉक्टर भाषणात अर्धे आणि ती अर्धी.

जगानं ते पाहिलं. जग विरघळलं. डॉक्टर पुढच्या सगळ्या भाषणांत तो चेहरा मागच्या पडद्यावर दाखवू लागले. "या बाईकडे बघा. या क्षणी तिनं कुणालातरी माफ केलंय." तळहाताचं कातडं निघालं, नवं आलं, ते गुलाबी आणि ताणलेलं, बोटं पुरती उघडेनात. वाफबाईनं त्या हातावर सुती मोजा चढवला आणि उजव्या हाताचं काम वाढवलं. काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगण्याची तिची रीत नव्हती.

तर अशी ती मायलेकींची भेट चालू होती, आणि तेवढ्यात मॅनेजर आत आला, पाठोपाठ डॉक्टर.

"अरे वा, भेट झालीसुद्धा! मी म्हटलं होतं ना सर? रक्त ते रक्त."

डॉक्टरांनी शर्ट काढून टेबलावर ठेवला आणि बनियनवर पुढे येत तिला वाकून नमस्कार केला. "तुम्हीच त्या! किती देशांत दाखवला असेल मी तुमचा चेहरा. बरं वाटलं प्रत्यक्ष भेटून."

"आपण भेटलोय," वाफबाई म्हणाली. "तुमचा कफ."

"कफ? नाही हो, आता खोकला अगदी बरा आहे." डॉक्टर प्रसन्न हसले आणि लेकीकडे वळले. "आणि ही ती मुलगी. छान. फार छान. मी काही जबरदस्ती करणार नाही. भाषणाच्या शेवटी मी तुम्हा दोघींना वर बोलावेन. आईंना एकच प्रश्न विचारेन. मनात असेल ते सांगा. नसेल तर नुसत्या उभ्या राहा. मौनही बोलतं."

"मौन नको, सर," मॅनेजर घाईनं म्हणाला. "मौन एडिटिंगला फार जड जातं."

"मला नाही यायचं," लेक म्हणाली. "मी आईशी बोलायला आले. इथे. या खोलीत. आई, तू सांग यांना. नको म्हण. आपण दोघी बसून बोलू, मग मी जाईन."

सगळे वाफबाईकडे बघायला लागले. तिनं डॉक्टरांच्या शर्टाची कॉलर टेबलावर पसरली.

लेकीच्या चेहऱ्याकडे तिनं आता पहिल्यांदा नीट पाहिलं. मास्तरचं कपाळ, मास्तरचं नाक. डोळ्यांत काहीतरी थांबलेलं. विचारायचं आहे, पण आधी आईनं काहीतरी द्यावं, मग विचारू, असं. वाफबाईला त्या डोळ्यांची भीती वाटली. या खोलीत दोघीच बसलो तर एक गोष्ट निघेल, तिच्या मागून दुसरी. तू किती वाजता निघालीस, कोणत्या रस्त्यानं आलीस.

आणि बाहेर? बाहेरचं तिला पाठ होतं. इतकी वर्षं विंगेत उभं राहून ती एक गोष्ट पक्की शिकली होती. गालिच्यावर येऊन "मी माफ केलं" असं म्हणणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. प्रश्न असतात ते समोरच्याला. माफ करणारा आपोआप धुतल्या तांदळासारखा.

"येते मी," वाफबाई म्हणाली. "हीपण येईल. एवढ्या लांबून आलीय, तर होऊन जाऊ दे."

"आई."

"तूच लिहिलंस ना सगळ्या जगापुढे, आई बोलत नाही म्हणून? मग आता जगापुढेच बोलते."

"तो मोजा काढा हं," जाता जाता मॅनेजर म्हणाला. "हात हातात घेताना वाईट दिसतो."

भाषण छान झालं. डॉक्टर नेहमीच छान बोलायचे. शेवटी त्यांनी दोघींना वर बोलावलं, मागच्या पडद्यावर तो जुना रडणारा चेहरा भिंतीएवढा लावला, आणि त्याच्या खाली ती खरी, लहानशी, उभी केली.

"आई," डॉक्टर मृदू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही कुणाला माफ केलंत?"

लेक आईकडे बघत होती. आईनं गालिच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. कुठल्या कॅमेऱ्यावर लाल दिवा आहे हे तिला बरोबर माहीत होतं.

"हिला," ती म्हणाली. "हिचा बाप पलंगाला खिळलेला होता. बोलता येत होतं, उठता येत नव्हतं. मी कामावर अडकले होते. तर ही त्याला बाहेरून कुलूप घालून निघून गेली. नोकरी धरायला. तो पाण्यासाठी उठला आणि पडून मेला. घोटभर पाण्यासाठी. मी दार उघडलं तेव्हा तो भिंतीच्या फटीत होता."

रांगांमधून एक सुस्कारा आला, लाट यावी तसा. हजार डोळे आईवरून उचलले गेले आणि लेकीवर जाऊन बसले. लेकीची मान खाली जात जात हनुवटी छातीला लागली.

"तरी," वाफबाई म्हणाली. इथे ती थांबली. थांबा कुठे घ्यायचा हे तिनं मोठमोठ्यांना ऐकून ऐकून शिकून घेतलं होतं. "तरी मी हिला माफ केलं. आईच आहे शेवटी."

सभागृह उभं राहिलं. टाळ्या काही थांबेनात. डॉक्टरांच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते अगदी खरं होतं. भरल्या मनानं त्यांनी आईचा डावा हात धरला, लेकीचा उजवा धरला, एकात एक ठेवला आणि वरून दोन्ही हातांनी घट्ट आवळला. त्या ताणलेल्या कातडीवर तो दाब पडताच वाफबाईच्या डोळ्यांतून पुन्हा धार लागली. तोच चेहरा, तसाच. मागच्या पडद्यावरचा आणि पुढचा, दोन्ही एकदम. कॅमेरेवाला मनातल्या मनात नाचला असेल.

लेकीनं मान वर केली. तिच्या हातात आईचा तळहात होता. गुळगुळीत, कडक, एका बाजूला ओढलेला. रेषाच नाहीत. तिनं अंगठा हलकेच त्याच्यावरून फिरवला. आईनं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण वरून डॉक्टर होते.

कपडेपटात परत आल्यावर वाफबाईनं आधी मोजा चढवला. मग टेबलाशी उभी राहून पुढच्या माणसाच्या कोटाला हात घातला. लेक आत आली आणि दार लोटून घेतलं. या वेळी बॅग खाली ठेवली.

"हात खरंच भाजलाय."

"मी तेच सांगत होते. तुलाच पटत नव्हतं."

"तेवढ्यासाठीच रडत होतीस?"

"तेवढ्यासाठीच. आता झालं समाधान? जा. गाडी चुकेल तुझी. लोकांनी ओळखलंय तुला आता, रस्त्यात कुणी काही बोललं तर मान खाली घालून चालायचं."

लेक हसली. रडली असती तर बरं झालं असतं, असं वाफबाईला वाटून गेलं.

"मला वाटलं होतं तू माझ्यासाठी रडतेयस, असं वाटतंय का तुला? नाही गं. एवढी वेडी नाही मी."

"मग?"

"मला वाटलं तू स्वतःसाठी रडतेयस."

कोटाच्या खांद्यावरून इस्त्री फिरत होती ती फिरतच राहिली, पण आता एकाच जागी.

"स्वतःसाठी? मला काय धाड भरलीय?"

"तुझं ते रडणं पाहिल्यावर मी इथली सगळी भाषणं बघायला लागले. एकेक. कुठे तू दिसतेस का म्हणून. आठवण यायची, दुसरं काही नाही. शोधता शोधता ताऱ्यांच्या बाई सापडल्या. मेलेल्या ताऱ्याची धूळ. फार सुंदर बोलतात त्या. शेवटी टाळ्या पडतात तेव्हा कॅमेरा जरासा बाजूला वळतो, बघ. विंगेत पडद्यापाशी एक बाई उभी आहे. पायात चपला. खांद्याला पिशवी. तोंड उघडं."

वाफबाईनं इस्त्री उचलली.

"ती पिशवी मी शिवलेली आहे, आई. बाबांच्या उरलेल्या चिंध्यांची. मी ती कुठेही ओळखेन." लेकीचा आवाज चढत नव्हता, उलट मऊ होत चालला होता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "मी म्हटलं, क्षमेचं भाषण ऐकता ऐकता हिला ती पिशवी आठवली असेल. म्हणून रडली. म्हणून आले मी. मला माफी नको होती तुझी. मला वाटलं, दोघी मिळून रडू. मघाशी तू 'कामावर अडकले होते' म्हणालीस, मी तिथेच सांगू शकले असते. माइक होता समोर. नाही सांगितलं."

बाहेरून मॅनेजरची हाक आली, "वाफबाई! कोट!"

"आता तूच सांग. इथे कुणी नाहीये, कॅमेरा नाही, काही नाही. त्या दिवशी खरंच सोडलं नव्हतं तुला? कोणी धरून ठेवलं होतं?"

वाफबाईनं इस्त्री उभी ठेवली. भिंतीतला प्लग ओढला. कोट हँगरला अडकवून तो एका हातात घेतला, दुसऱ्या हातानं खुंटीवरची तीच चिंध्यांची पिशवी काढून खांद्याला लावली, आणि लेकीच्या बाजूनं, तिला धक्का लागणार नाही इतकं अंग चोरून, दार उघडून निघून गेली.